कुत्रा आणि मांजर सोबत असताना फर्निश्ड घर भाड्याने घ्यावं का? काय काळजी घ्यावी?

मालक तोंडी ‘चालेल’ म्हणालेत, पण घरातलं सगळं सामान त्यांचं आहे, म्हणून तुम्हाला धाकधूक वाटतेय. मी कुत्रा आणि मांजर घेऊन अशा घरांत राहिले आहे. घर जरूर घ्या, पण ते ‘चालेल’ आधी करारात लिहून घ्या, दोन्ही प्राण्यांच्या उल्लेखासकट. उद्या घर विकलं गेलं किंवा कारभार दुसऱ्याच्या हाती गेला, तर तोंडी शब्दाला कोण विचारतो? आणि प्राणी लपवून घर घेऊ नका. उघडकीला आलं की हाल त्या मुक्या जिवांचे होतात.

मालकांना खरी काळजी सोफ्याची आणि गादीची असते, तेव्हा बोलणंही त्याबद्दलच करा. गालिचे, महागडे पडदे, कापडी खुर्च्या त्यांनी आधीच हलवल्या तर उत्तम. गादी शक्यतो स्वतःची आणा. जास्त डिपॉझिट मागितलं, तर ते कशाबद्दल कापलं जाईल आणि वापराने होणारी नेहमीची झीज कशाला म्हणायचं, हे लिहून घ्या.

किल्ली मिळाली की प्राण्यांना आणण्याआधी घर एकट्याने नीट बघा. सोफ्याचे हात, खुर्च्यांचे पाय, दारांचा खालचा भाग यांचे जवळून फोटो काढून सामानाच्या यादीसोबत मालकांना त्याच दिवशी ईमेल करा. अंधार करून अतिनील टॉर्चही फिरवा. लघवीचे जुने डाग त्यात चमकतात. साबणाचे अंशही चमकतात, म्हणून वास घेऊन खात्री करा. आधीच्या भाडेकरूच्या प्राण्याचा वास राहिला असेल, तर तुमचेही तिथेच शू करू शकतात. लघवीतलं युरिक आम्ल नुसत्या पाण्याने जात नाही, दमट हवेत वास पुन्हा येतो. त्यासाठी एन्झाइमवालं क्लीनर लागतं. अमोनिया असलेलं वापरू नका, त्याचा वास प्राण्यांना लघवीसारखाच वाटू शकतो.

मांजराला ओरखडल्याबद्दल रागावू नका. नखांवरचं जुनं आवरण काढायला, अंग ताणायला आणि पंजांतल्या ग्रंथींचा वास मागे ठेवायला ते ओरखडतंच. त्याला पूर्ण ताण देता येईल इतका उंच आणि न हलणारा खांब द्या, तोही सोफ्याला लागूनच. कोपऱ्यात ठेवलेल्या खांबाकडे ते ढुंकूनही बघत नाही. जाड विणीचं कापड त्याला फार आवडतं, त्यामुळे सोफा तसा असेल तर त्यावर घट्ट कव्हर घाला.

पिसवांचे कोष रिकाम्या घरातही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून सोफ्याच्या सांध्यांत आणि पलंगाखाली व्हॅक्यूम फिरवा. फवारणी करायची झाल्यास पशुवैद्यांना विचारूनच. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक कुत्र्यांच्या काही औषधांत असतं, पण मांजराच्या ते जिवावर बेतू शकतं.

रिक्लायनर किंवा सोफा-कम-बेड असेल तर मात्र फार सांभाळा. मांजरं त्याच्या आत शिरून बसतात आणि बंद करताना यंत्रणेत चिरडली जातात. शक्य असेल तर ते मालकांना न्यायलाच सांगा. नाहीतर ते बंद स्थितीतच राहू द्या, घरात येणाऱ्या पाहुण्यांनाही बजावून ठेवा, आणि हलवायची वेळ आलीच तर मांजर डोळ्यांसमोर दिसल्याशिवाय हँडलला हात लावू नका.