हॉट हॅचचा लॅप टाइम : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये रोजच्या वापरातली हॉट हॅच, म्हणजे ताकदवान इंजिनाची हॅचबॅक, घेऊन ट्रॅक डेला (रेसिंग ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवण्याच्या दिवशी) जाणाऱ्या वाचकांची पत्रे सर्वाधिक होती. त्यांतल्या पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण पुढच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : माझ्याकडे दोन लिटर टर्बो इंजिनाची, सुमारे २५० अश्वशक्तीची आणि पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक आहे. माझा लॅप टाइम, म्हणजे ट्रॅकची एक फेरी पूर्ण करण्याचा वेळ, दोन मिनिटे दोन सेकंदांच्या आसपास अडकून पडला आहे. वळणाच्या मध्यावर गाडीचे नाक बाहेर जाते आणि स्टिअरिंग कितीही वळवले तरी गाडी आत येत नाही. इंजिनाचे रीमॅपिंग, म्हणजे त्याच्या नियंत्रक संगणकातल्या मांडणीत बदल, करून तीस-चाळीस अश्वशक्ती वाढवावी, असे मित्र सुचवतात. तेवढ्याने मी दोन मिनिटांच्या आत येईन का?

उत्तर : रीमॅपिंगमुळे सरळ पट्ट्यावर थोडा वेळ वाचेल, परंतु आपण सांगितलेला दोष त्यामुळे वाढेल. म्हणून तो खर्च आपण सध्या करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे असल्यामुळे एकूण वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक भाग पुढच्या चाकांवर असतो. गाडी वळवण्याचे काम त्याच दोन टायरांचे, ब्रेक लागल्यावर बहुतांश भार पेलण्याचे काम त्यांचेच, आणि वळणातून बाहेर पडताना इंजिनाची सगळी ताकद रस्त्यावर उतरवण्याचे कामही त्यांचेच. टायरची पकड मर्यादित असते. ती सगळी वळण्यात खर्च होत असेल, तर ब्रेकसाठी किंवा वेग वाढवण्यासाठी काही शिल्लक राहत नाही. आपण पुढच्या टायरांकडून एकाच क्षणी दोन कामे मागत आहात, आणि अश्वशक्ती वाढवली की ती मागणी आणखी वाढणार आहे.

असे नाक बाहेर जाण्याला अंडरस्टीअर म्हणतात. तो सुरू होण्याची खूण हातांना आधी कळते. तोपर्यंत जड असलेले स्टिअरिंग अचानक हलके लागते आणि टायरचा आवाज घुमण्याऐवजी खरखरीत घासल्यासारखा होतो. अशा वेळी बहुतेक जण स्टिअरिंग आणखी वळवतात. त्यामुळे टायर अधिकच आडवा घासत जातो, तापतो आणि त्याची पकड आणखी कमी होते. स्टिअरिंग किंचित सरळ करून क्षणभर वाट पाहिली की पकड परत येते. हे मनाला पटणे अवघड असते, म्हणून मोकळी जागा भरपूर असलेल्या वळणावर मुद्दाम सराव करावा.

नाक बाहेर जाण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे वळणाला झेपेल त्याहून अधिक वेगाने शिरणे. उशिरा ब्रेक लावल्याने वेळ वाचतो हे खरे, पण किती वाचतो तेही पाहावे. समजा, ताशी १६० किलोमीटरवरून ६० वर यायचे आहे. ०.७ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतके त्वरण) इतक्या बेताच्या ब्रेकने त्याला सुमारे १२४ मीटर लागतात आणि ०.९ जी इतक्या जोरकस ब्रेकने सुमारे ९६ मीटर. ब्रेक लावण्याची जागा २८ मीटर पुढे गेली आणि त्यातून जवळपास पाव सेकंद मिळाला. ही कमाई ब्रेक जोरात लावल्यामुळे झाली आहे. पूर्वीइतक्याच दाबाने नुसता उशिरा ब्रेक लावला, तर न गेलेला वेग वळणात सोबत येतो, एपेक्स (वळणाच्या आतल्या कडेला गाडी सर्वांत जवळ येते तो बिंदू) हुकतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबायला उशीर होतो. त्या उशिराची किंमत पुढचा संपूर्ण सरळ पट्टा मोजतो. ६०० मीटरचा पट्टा ताशी सरासरी १३० किलोमीटरने पार करायला १६.६ सेकंद लागतात आणि सरासरी फक्त तीन किलोमीटरने वाढली तर १६.२. लॅपमध्ये असे तीन पट्टे असतील, तर आपण शोधत असलेल्या दोन सेकंदांपैकी निम्म्याहून अधिक वेळ तिथेच आहे.

म्हणून सरळ पट्ट्याकडे नेणाऱ्या वळणांवर प्रथम लक्ष द्यावे. ट्रॅकची पूर्ण रुंदी वापरावी. बाहेरच्या कडेने शिरून एपेक्स थोडा उशिरा गाठला, तर बाहेर पडताना गाडीचा मार्ग अधिक सरळ होतो. याचे गणित सोपे आहे : १ जी इतकी बाजूची पकड धरली, तर ४० मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी सुमारे ७१ किलोमीटरचा वेग टिकतो, आणि मार्ग रुंद करून तीच त्रिज्या ५० मीटर केली तर जवळपास ८० चा. त्यासाठी गाडीत एकही सुटा भाग बदलावा लागत नाही.

वळणाच्या तोंडाशी पायाचे काम फार नाजूक असते. ब्रेक सुरुवातीला पूर्ण जोराने लावावा, पण सोडताना पाय एकदम उचलू नये. पाय झटकन उचलला की पुढच्या स्प्रिंगा वर येतात, पुढच्या टायरांवरचा भार कमी होतो आणि नेमक्या वळण्याच्या क्षणी नाक हलके पडते. स्टिअरिंग जसजसे वळत जाईल, तसतसा ब्रेकचा दाब त्याच प्रमाणात कमी करत न्यावा. यालाच ट्रेल ब्रेकिंग म्हणतात आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला आत वळवण्याचा याहून चांगला उपाय नाही. बाहेर पडताना हेच उलट करावे : स्टिअरिंग जेवढे सरळ होईल तेवढाच अ‍ॅक्सिलरेटर दाबावा. आपल्या गाडीत साधे डिफरन्शिअल (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारी यंत्रणा) असेल, तर ही घाई अधिकच महागात पडते, कारण आतले हलके झालेले चाक जागच्या जागी फिरते आणि बाहेरच्या चाकालाही त्याच्यापेक्षा फारशी अधिक ताकद मिळत नाही.

अश्वशक्तीविना वेळ कसा कमी होतो, याचे एक चांगले उदाहरण २०१९ सालचे आहे. रेनोच्या मेगान आरएस ट्रॉफी-आर या गाडीने जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे या ट्रॅकवर २०.६ किलोमीटरचा लॅप ७ मिनिटे ४०.१ सेकंदांत पूर्ण केला. तिचे इंजिन साध्या ट्रॉफी गाडीइतकेच, म्हणजे ३०० अश्वशक्तीचे होते. मागची सीट काढून आणि इतर अनेक उपायांनी तिचे वजन सुमारे १३० किलोंनी उतरवले होते. आपण ट्रॅकवर उतरण्यापूर्वी डिकीतले सामान, सुटे मॅट आणि जादा चाक काढून ठेवले, आणि इंधन गरजेपुरतेच भरले, तर याच दिशेने काही किलो विनाखर्च कमी होतात. रीमॅपिंगसाठी बाजूला ठेवलेले पैसे अनुभवी प्रशिक्षकाला शेजारी बसवण्यावर खर्च करावेत. माझ्या मते त्याहून वेगाने फळ देणारी दुसरी खरेदी नाही.

प्रश्न : चार-पाच लॅपनंतर ब्रेकचे पॅडल मऊ होऊन खोल जाते. पॅड नवे आहेत. मोठ्या डिस्कचा संच बसवावा का?

उत्तर : आधी ब्रेक ऑइल बदलावे. ब्रेक कमजोर होण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि ते पायाला वेगळे जाणवतात. पॅडल घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही, असे असेल तर पॅड त्यांच्या सोसण्यापलीकडे तापले आहेत. पॅडल मऊ होऊन खोल जात असेल, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले आहेत. वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर कॅलिपरपर्यंत (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापर्यंत) पोहोचतच नाही. आपले वर्णन दुसऱ्या प्रकारचे आहे.

उष्णता किती निर्माण होते, याची कल्पना असू द्यावी. चालकासह १,४०० किलो वजनाची गाडी १६० वरून ६० वर आणताना सुमारे १२ लाख ज्यूल ऊर्जा मुख्यतः ब्रेकमध्ये जाते. एवढ्या उष्णतेत साडेतीन लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल, आणि हे प्रत्येक मोठ्या वळणापाशी पुन्हा पुन्हा घडते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, हीच खरी अडचण आहे. डॉट ४ दर्जाच्या कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, परंतु ओलावा शिरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत घसरू शकतो. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. नावात साम्य असले तरी डॉट ५ हे सिलिकॉनचे असते आणि ते या ऑइलमध्ये मिसळायचे नसते. ताजे, उच्च उत्कलनबिंदूचे ऑइल भरून घ्यावे, चारही कॅलिपरमधली हवा नीट काढून घ्यावी आणि त्यानंतर ट्रॅकसाठी बनवलेले पॅड बसवावेत. नवे असले तरी रोजच्या वापराचे पॅड ही उष्णता फार वेळ सोसत नाहीत. एवढे करूनही त्रास राहिला, तरच मोठ्या डिस्कचा विचार करावा.

प्रत्येक सत्राचा शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता सावकाश पूर्ण करावा. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून राहिले, तर तेवढ्याच जागी पॅडचा थर चिकटतो आणि पुढे ब्रेक लावताना पॅडल थरथरते. गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला अडण लावावी. पॅडल मऊ झाल्याचे जाणवताच सत्र सोडून बाहेर यावे. आणखी एक लॅप करून पाहू, हा विचार इथे धोकादायक आहे.

प्रश्न : ट्रॅकवर टायरमध्ये हवा किती ठेवावी? आणि माझ्या पुढच्या टायरची फक्त बाहेरची कड झिजते, ते का?

उत्तर : सकाळचा थंड आकडा महत्त्वाचा नाही, ट्रॅकवरून आल्याबरोबर मोजलेला गरम आकडा महत्त्वाचा आहे. टायरमधली हवा दर १० अंशांनी तापली की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो, त्यामुळे थंड असताना ३२ असलेला टायर काही लॅपनंतर सहज ४० च्या घरात जातो. टायर कंपनीने ट्रॅकसाठी गरम दाब सांगितला असेल तर तो धरावा. नसेल तर तीन-चार वेगवान लॅप करून बाहेर यावे, लगेच गेज लावावा आणि वाढलेली हवा थोडी थोडी कमी करत स्टिअरिंगचा प्रतिसाद कुठे सर्वांत चांगला लागतो ते लिहून ठेवावे. घरी निघण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी.

कडेच्या झिजेसाठी खडूचा उपाय उत्तम आहे. टायरच्या नक्षीपासून बाजूच्या भिंतीपर्यंत खडूची रेघ ओढून दोन लॅप करावेत. अनेक टायरांच्या कडेला छोटा त्रिकोण कोरलेला असतो. रेघ त्या त्रिकोणापलीकडेही पुसली गेली असेल, तर टायर भिंतीवर लोळतो आहे, म्हणजे हवा कमी आहे किंवा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत किंवा बाहेर असलेला कल; आतला कल उणे) अपुरा आहे. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट या साध्या प्रकारचे सस्पेन्शन असते आणि गाडी कलली की बाहेरचा टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो. कारखान्यातून कॅम्बर बहुधा उणे एक अंशाच्या आसपासच असतो. तो उणे दोनपर्यंत नेला, तर पुढच्या टायरांची पकड लक्षणीय वाढते आणि गाडी रस्त्यावरही वापरता येते. मात्र त्याच वेळी ‘टो’, म्हणजे वरून पाहता चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, हादेखील जुळवून घ्यावा, अन्यथा रोजच्या वापरात टायरची आतली कड लवकर जाईल.

प्रश्न : वेगात वळताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडीची मागची बाजू फिरू लागते. अशा गाडीत ईएससी (घसरती गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बंद ठेवावे का?

उत्तर : पूर्ण बंद करू नये. ट्रॅकसाठीची सैल पायरी दिलेली असेल तर ती वापरावी. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर भार पुढे जातो, मागचे टायर हलके होतात आणि मागची बाजू बाहेर निघते. १९८४ साली आलेली पूजो २०५ जीटीआय या स्वभावासाठी आजही ओळखली जाते. ट्रेल ब्रेकिंगमध्ये हाच परिणाम मापून वापरलेला असतो, म्हणून हा स्वभाव दोष मानून दडपण्यापेक्षा आधी हळू वळणांवर त्याची ओळख करून घेणे अधिक चांगले. मागची बाजू निघालीच, तर स्टिअरिंग घसरण्याच्या दिशेने वळवावे आणि अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबावा, म्हणजे पुढची चाके गाडीला ओढून सरळ करतात. गाडी हाताबाहेर गेली आहे असे दिसले, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरावेत, जेणेकरून मागून येणाऱ्यांना ती कुठे जाणार याचा अंदाज येईल. ईएससीचा दिवा ज्या वळणावर लुकलुकतो, त्या वळणावर हात किंवा पाय घाईने चालला असे समजावे. शिवाय ही यंत्रणा एकेका चाकाचा ब्रेक लावून काम करते, त्यामुळे ती सतत जागी होत असेल तर ब्रेकही अधिक तापतात.

प्रश्न : मोबाइलवरच्या लॅप टायमरवर विश्वास ठेवावा का, आणि त्यात नेमके काय पाहावे?

उत्तर : प्रथम आयोजकांचे नियम वाचावेत, कारण अनेक ठिकाणी ट्रॅक डेला वेळ मोजण्यास मनाई असते आणि विम्याच्या अटींमध्येही तसे लिहिलेले असू शकते. परवानगी असेल, तर मोबाइलच्या मर्यादा ध्यानात घ्याव्यात. जीपीएस सेकंदाला एकदाच स्थान नोंदवत असेल, तर ताशी १४४ किलोमीटरला दोन नोंदींमध्ये ४० मीटर जातात. सेकंदाला दहा नोंदी घेणारा स्वतंत्र रिसीव्हर जोडला, तर हेच अंतर ४ मीटरवर येते. संपूर्ण लॅपच्या वेळेपेक्षा प्रत्येक वळणातला किमान वेग आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला गेला ती जागा, या दोन गोष्टी पाहाव्यात. किमान वेग वाढला, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबण्याची जागा पुढे सरकली, तर त्या वळणात बहुधा तोटाच झाला आहे. एका सत्रात एकच वळण सुधारण्यासाठी निवडावे आणि बाकीचा लॅप नेहमीसारखा चालवावा, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळते. वेळ मोजण्यास मनाई असेल आणि चित्रीकरणाला परवानगी असेल, तर कॅमेरा दोन्ही हात दिसतील असा घट्ट बसवावा. आपल्या चांगल्या आणि वाईट लॅपची चित्रफीत शेजारी शेजारी लावली, की कोणत्या वळणात स्टिअरिंग अधिक वेळ वळलेले राहिले ते आकड्यांशिवायही दिसते.