रोज ओट्स खाल्ल्याने कोलेस्टेरॉल आणि वजन खरंच कमी होतं का? किती आणि कोणते खावेत?

कोलेस्टेरॉल उतरतं, पण बहुतेक जण खातात तेवढ्या ओट्समध्ये फारसं नाही.

ओट्स शिजताना जो बुळबुळीतपणा येतो, तो बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूचा. हा चिकट लगदा आतड्यात पित्ताम्लं धरून ठेवतो आणि ती शौचावाटे निघून जातात. मग नवं पित्त बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. त्यासाठी दिवसाला किमान ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जायला हवं. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) १९९७ साली ओट्सच्या पाकिटावर हृदयविकाराबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली, तीसुद्धा याच मापावर. कोरड्या ओट्समध्ये ते साधारण ४ टक्के असतं, म्हणजे रोज ७५ ग्रॅम ओट्स झाले. नाश्त्याचं नेहमीचं माप मात्र ४० ग्रॅमचं! म्हणून दोन वेळा खा, नाहीतर ओट्सचा कोंडा मिसळा. त्यात बीटा-ग्लुकन जास्त असतं. सहा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करून बघा. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, पाच-सात टक्के उतरलं तरी चांगलं समजा. तेवढ्यावर कोलेस्टेरॉलची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

वजनाचं म्हणाल तर ओट्स चरबी वगैरे काही जाळत नाहीत. ४० ग्रॅममध्ये दीडशेच्या आसपास कॅलरी असतात, इतर धान्यांइतक्याच. पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि मधलं खाणं सुटलं, तर फायदा. वर मध, सुकामेवा आणि चॉकलेट घातलंत की तोही गेला.

रक्तातल्या साखरेसाठी प्रकार बघावा लागतो. स्टील-कट म्हणजे नुसते तुकडे केलेले, ते सावकाश पचतात. रोल्ड म्हणजे चपटे केलेले. रोजच्यासाठी मी हेच सुचवेन. इन्स्टंट ओट्स इतके पातळ आणि बारीक असतात की साखर भराभर चढते. फ्लेवरवाल्या पाकिटात तर साखर वेगळी घातलेली असते. घटकांची यादी वाचा. जे वजनाने जास्त ते आधी लिहिलेलं असतं.

४० ग्रॅम रोल्ड ओट्सना २५० मिली पाणी किंवा दूध घ्या, मंद आचेवर पाच मिनिटं ढवळत शिजवा. भांडं मोठं घ्या, हे हमखास उतू जातं. स्टील-कटला तिप्पट-चौपट पाणी आणि अर्धा तास लागतो. रात्रभर भिजवायचे असतील तर १२० मिली दूध पुरतं, पण भांडं फ्रीजमध्येच ठेवा.

पहिल्याच दिवशी ७५ ग्रॅम खाल्ले तर पोट फुगतं, गॅस होतो. आठवडाभर २०-२५ ग्रॅम खाऊन मग वाढवा आणि पाणी वाढवायला विसरू नका, नाहीतर बद्धकोष्ठता उलट वाढते. ओट्समध्ये इतर धान्यांपेक्षा तेल जास्त असतं, म्हणून उघडं पाकीट खवट होतं. कडवट वास आला तर टाकून द्या.

सीलिॲक, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार, असणाऱ्यांनी 'ग्लुटेन-फ्री' छापलेलेच ओट्स घ्यावेत, कारण साध्या ओट्समध्ये गव्हाची आणि बार्लीची भेसळ शेतापासून गिरणीपर्यंत कुठेही होते. त्यातही थोड्या लोकांना शुद्ध ओट्ससुद्धा सोसत नाहीत, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती पाण्याबरोबर उपाशीपोटी घ्या आणि ओट्स अर्ध्या-एक तासाने खा. लोहाची गोळीही ओट्सबरोबर नको, ओट्समधल्या फायटेट या लोहाला बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे लोह नीट शोषलं जात नाही.