घरात चित्र स्वच्छ, मैदानात मुंग्या

प्रश्न : पाच इंची एफपीव्ही ड्रोन (गॉगलमध्ये त्याच्या कॅमेऱ्याचं चित्र बघत उडवायचा) पहिल्यांदाच स्वतः जोडला आहे. व्हिडिओसाठी ५.८ गिगाहर्ट्झचा अ‍ॅनालॉग व्हीटीएक्स (व्हिडिओ ट्रान्समीटर) आहे, त्यावर ६०० मिलिवॅट लिहिलेलं आहे. खोलीत गॉगलमध्ये चित्र एकदम स्वच्छ दिसतं. मैदानात मात्र पन्नास मीटर गेलं की मुंग्या येतात आणि पाठोपाठ काहीच दिसेनासं होतं. बेटाफ्लाइट, म्हणजे ड्रोनच्या फ्लाइट कंट्रोलर बोर्डाचं सॉफ्टवेअर, त्यातल्या व्हिडिओ ट्रान्समीटरच्या टॅबमध्ये बँड आणि पॉवरच्या जागा रिकाम्या आहेत. हजार मिलिवॅटचा व्हीटीएक्स घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. २५ मिलिवॅटवरसुद्धा मोकळ्या मैदानात शंभर मीटरपर्यंत चित्र टिकायला हवं. तुमचं पन्नासावर जातंय, म्हणजे ताकद कमी नाही, ती वाटेत कुठेतरी अडतेय. शिवाय अंतर दुप्पट करायचं तर ताकद चौपट लागते. सहाशेचे हजार केलेत तरी अंतर तीस टक्क्यांनीही वाढणार नाही आणि मूळचा दोष तसाच राहील.

आधी बॅटरी काढा, मगच अँटेना काढा. हा क्रम कधीही उलटा करू नका. अँटेना नसताना व्हीटीएक्स चालू राहिला, की बाहेर जायची ताकद परत आत फिरते आणि शेवटच्या टप्प्याची चिप तापून जाते. आता व्हीटीएक्सचं तोंड आणि अँटेनाचं तोंड उजेडात शेजारी शेजारी धरा आणि मधोमध बघा. एकीकडे बारीक पिन हवी, दुसरीकडे ती पिन जाईल असं भोक हवं. एसएमए आणि आरपी-एसएमए या दोन जातींचे आटे अगदी सारखे असतात, फरक फक्त या पिनेचा. दोन्हीकडे भोक असलं तरी अँटेना छान घट्ट बसते, आणि मधली तार मात्र कशालाच टेकलेली नसते.

माझा पहिला व्हीटीएक्स असाच गेला. आटे घट्ट होते, हलवून पाहिलं तर हलत नव्हते, म्हणून तिकडे संशयच गेला नाही. तीन आठवडे मी कॅमेरा बदलला, वायरी बदलल्या, गॉगलला दोष दिला. खोलीत चित्र यायचं, कारण चार पावलांवर तुटक्या जोडातून गळणारा सिग्नलही पुरतो. एका दुपारी चित्र गेलं ते कायमचं. अँटेना काढली तेव्हा दोन्ही तोंडांत भोकं दिसली. तेव्हापासून नवी अँटेना लावण्याआधी मी दोन्ही तोंडं डोळ्यांनी बघतो. हे तुमच्या बाबतीत घडू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं लांबवून सांगतोय. तुमच्याकडे छोटा एमएमसीएक्स किंवा यूएफएल जोड असेल तर तो ‘टक’ करून बसलाय ना ते बघा, आणि वायर फ्रेमला बांधून टाका. पडल्या-आपटल्यावर तोच आधी निसटतो.

पिन ठीक निघाली तर अँटेनावरची अक्षरं वाचा. आरएचसीपी आणि एलएचसीपी म्हणजे लहर उजवीकडे पिळलेली की डावीकडे. ड्रोनवर एक आणि गॉगलवर दुसरी असेल तर सिग्नलचा अगदी थोडा अंश हाती येतो. खोलीत तेवढ्यावर भागतं, मैदानात भागत नाही. दोन्हीकडे एकच जात लावा.

तिसरी फसवी जागा चॅनलची. आर बँड म्हणजे आठ चॅनलांचा एक गट. त्याचं पाचवं चॅनल ५८०६ मेगाहर्ट्झवर आहे, चौथं ५७६९ वर, सहावं ५८४३ वर. दर दोन चॅनलांत ३७ मेगाहर्ट्झचं अंतर असूनही व्हीटीएक्स हाताशी असला की शेजारच्या चॅनलवर त्याचं चित्र उमटतं, आणि गॉगलचा आपोआप शोध तिथेच थांबू शकतो. म्हणून चॅनल शोधताना ड्रोन दुसऱ्या खोलीत ठेवा, मध्ये भिंत येऊ द्या.

आता त्या रिकाम्या जागा. बेटाफ्लाइट ४.१ पासून बँड, चॅनल आणि पॉवरचा तक्ता आपणच भरायचा असतो. त्याला व्हीटीएक्स टेबल म्हणतात. तुमच्या व्हीटीएक्सच्या नेमक्या मॉडेलची फाईल उत्पादकाकडून घेऊन चढवा. मित्राची चालवू नका. ट्रॅम्प आणि स्मार्टऑडिओ या फ्लाइट कंट्रोलरने व्हीटीएक्सला हुकूम द्यायच्या दोन पद्धती. ट्रॅम्प पद्धतीत पॉवर मिलिवॅटच्या आकड्यात लिहितात, स्मार्टऑडिओ २.० मध्ये नुसता क्रमांक असतो, २.१ मध्ये डीबीएम (ताकदीचं दुसरं एकक). तक्ता चुकला तर पडद्यावर ६०० दिसेल आणि हवेत भलतंच काही जाईल. व्हीटीएक्सची ती एकटी कंट्रोल वायर फ्लाइट कंट्रोलरच्या मोकळ्या यूआर्टच्या (इतर उपकरणं जोडायच्या पोर्टच्या) टीएक्स म्हणजे पाठवायच्या पॅडवर लावा, आरएक्सवर नाही. मग पोर्ट्सच्या टॅबमध्ये त्याच यूआर्टसमोर, पेरिफेरल्सच्या रकान्यात, तुमची पद्धत निवडा. एवढं करूनही ‘डिव्हाइस रेडी’समोर ‘नो’ येत असेल तर घाबरू नका. बहुतेक ड्रोनमध्ये नुसत्या यूएसबीवर व्हीटीएक्सला वीजच मिळत नाही. प्रोपेलर काढून ठेवा, बॅटरी लावा, छोट्या पंख्याचा झोत व्हीटीएक्सवर सोडा आणि मग बघा.

टेबलावर पॉवर २५ वरच राहू द्या. उडताना वारा व्हीटीएक्सला गार ठेवतो, टेबलावर तो वारा नसतो. बेटाफ्लाइटमधलं लो पॉवर डिसआर्म चालू केलंत तर आर्म करेपर्यंत (मोटरी उडायला सज्ज करेपर्यंत) तो आपणहून सगळ्यात कमी पॉवरवर थांबतो. पॉवर वाढवण्याआधी तुमच्या देशाची मर्यादा बघा, आणि वारंवारताही. आयएसएम, म्हणजे उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय वापरासाठी राखलेला पट्टा, ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झचा आहे. आर बँडचं पहिलं चॅनल ५६५८ वर आणि आठवं ५९१७ वर, म्हणजे दोन्ही त्याच्या बाहेर.

प्रश्न : थ्रॉटल वाढवला की चित्रात आडव्या रेषा धावतात. व्हीटीएक्स खराब आहे का?

उत्तर : नाही. मोटरींचा गोंगाट बॅटरीच्या लाइनवरून कॅमेरा-व्हीटीएक्सपर्यंत पोचतोय. बॅटरीची वायर जिथे ईएससीला (मोटरींचा वेग सांभाळणाऱ्या बोर्डाला) जोडली आहे, तिथेच लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर लावा, १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट. सहा सेलची बॅटरी भरल्यावर २५.२ व्होल्टची असते, त्यामुळे २५ व्होल्टचा कपॅसिटर तिथे चालणार नाही. पाय आखूड ठेवा आणि पट्टी (ऋण टोकाची खूण) बघून लावा, उलटा लागला तर फुटतो. एवढ्याने रेषा गेल्या नाहीत तर कॅमेऱ्याची ग्राउंड वायर फ्रेमवर दुसरीकडे न नेता व्हिडिओच्या वायरीसोबतच फ्लाइट कंट्रोलरवर आणा.

प्रश्न : गॉगलमध्ये व्होल्टेजचे आकडे ठळक दिसतात, मागचं चित्र मात्र काळं आहे. चॅनल चुकलं असेल का?

उत्तर : ते आकडे दिसताहेत म्हणजे चॅनल बरोबर आहे आणि व्हीटीएक्सही चालतोय. कॅमेऱ्याचं चित्र आधी फ्लाइट कंट्रोलरमध्ये येतं, तिथली ओएसडीची (पडद्यावरच्या माहितीची) चिप त्यावर अक्षरं चढवते आणि मग ते व्हीटीएक्सकडे जातं. म्हणजे तुमचा दोष कॅमेऱ्यापासून ‘कॅम’ पॅडपर्यंतच्या वायरीत आहे. व्हीटीएक्सला हात लावू नका. कॅमेऱ्याच्या प्लगपाशी मीटर लावून त्याला वीज मिळतेय का ते आधी बघा, मग पिवळी व्हिडिओ वायर तपासा. तिचा टाका बहुतेक वेळा प्लगच्या मुळाशीच सुटलेला सापडतो.