सर्कशीतल्या वाघ-सिंहांना अफू देऊन गुंगीत ठेवायचे, हे खरं आहे का? नाहीतर रिंगमास्टर त्यांना शिकवायचे तरी कसं?

अफूचं आधी निकालात काढतो, कारण ही थाप ऐकली की माझं डोकं फिरतं. गुंगीतला वाघ स्टुलावर बसूच शकत नाही. त्या स्टुलाचा वरचा भाग जेमतेम दीड फुटाचा. त्यावर दीडशे-पावणेदोनशे किलोचं जनावर चारही पाय जवळ घेऊन बसतं आणि मग पुढचे पाय उचलून नुसत्या ढुंगणावर तोल सांभाळतं. अर्धवट झोपेत हे जमणार आहे का? शिवाय शुद्धीवरचा सिंह अंगावर येण्याआधी कान मागे पाडतो, शेपूट आपटतो, गुरगुरतो. रिंगमास्टरचा जीव या इशाऱ्यांवर टिकून असतो. गुंगीतलं जनावर दचकलं की इशारा न देता पंजा मारतं. असली वस्तू जाळीत सोबत घेऊन कोण शिरेल? दात उपटलेले असायचे ही दुसरी थाप. सिंहाच्या पंजाच्या एका फटक्यात माणसाची मान मोडते, त्याला दात लागत नाहीत.

आता शिकवणं. सगळा खेळ अंतराचा आहे. प्रत्येक जनावराचं एक अंतर ठरलेलं असतं. माणूस त्याच्या आत आला की ते मागे सरतं. मागे सरायला जागा उरली नाही आणि माणूस आणखी जवळ आला, तर ते उलटं अंगावर येतं. स्वित्झर्लंडच्या हायनी हेडिगर या प्राणिशास्त्रज्ञाने हे नीट मांडलं, पण रिंगमास्टर मंडळी ते त्याच्या आधीपासून पायांनी मोजत होती.

नवा सिंह साधारण वर्ष-दीड वर्षाचा घेतात. पहिले काही दिवस कुणी आत जात नाही. गजांबाहेरून नाव घेऊन हाक मारायची आणि लांब काठीच्या टोकाला बोटाएवढा मांसाचा तुकडा लावून द्यायचा. हाक, काठी आणि मांस यांची सांगड बसली की त्याला रिकाम्या रिंगमध्ये एकटा सोडायचा, वास घेऊ द्यायचा, कोपरे बघू द्यायचे. मग स्टूल. जाळीच्या कडेला, सिंह आणि माणूस यांच्या मधोमध. माणूस एक पाऊल पुढे टाकतो, सिंह मागे सरकत जाळीला टेकतो. आणखी अर्धं पाऊल, की तो पुढे झेपावतो. वाटेत स्टूल असल्यामुळे त्याचे पुढचे पाय स्टुलावर येतात. नेमक्या त्या क्षणी माणसाने मागे सरायचं. दाब गेला, सिंह तिथेच थबकला, काठीवरचा तुकडा तोंडाशी आला. सगळी विद्या या मागे सरण्यात आहे. एक क्षण उशीर झाला तर सिंह स्टूल ओलांडून पुढे येतो. फार लवकर सरलात तर माणूस पळतो, एवढंच तो शिकतो. रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि शेवट नेहमी त्याला येत असलेल्या गोष्टीवर. आपल्या स्टुलावर जाऊन बसणं पक्कं होईपर्यंत दुसरं काही शिकवायचं नाही, कारण पुढे कधी गोंधळ झाला तर प्रत्येक जनावर पळत जाऊन बसायची जागा तीच.

उडी त्यामानाने सोपी. दोन स्टुलं फूटभर अंतरावर, नुसतं पाऊल टाकून ओलांडता येतील अशी. मग अंतर वाढवत न्यायचं, मग मधे मोठं कडं धरायचं. आगीचं कडं आधी न पेटवता, नंतर फक्त वरच्या बाजूला एक छोटी चिंधी पेटवून. वाघ आगीला जितका घाबरतो, त्याहून रॉकेलच्या वासाला आणि भडक्याच्या आवाजाला बिचकतो. म्हणून चिंधी चांगली पिळून घ्यायची, थेंब गळता कामा नये. दोन पायांवर बसायला मात्र महिने जातात, कारण पाठीचे स्नायू तयार व्हावे लागतात. तिथे घाई केली की जनावर कायमचं बिथरतं.

बिघडतं कशामुळे? बहुतेक वेळा क्षुल्लक गोष्टींमुळे. स्टुलाचा एक पाय खड्ड्यात गेला आणि ते एकदा डगमगलं, की तो वाघ पुढे कित्येक दिवस त्यावर चढत नाही. मुक्काम बदलल्यावर जमीन आधी ठोकून सपाट करायची ती यासाठी. वाघीण माजावर असेल तर तिला त्या खेळात घ्यायचंच नाही. दोन सिंह भिडले की बाकीचेही धावून येतात, कारण ते कळपाचं जनावर. वाघ सहसा आपापल्या स्टुलावरून बघत राहतात. सगळ्यात वाईट म्हणजे माणूस घसरून पडणं. आडवा झालेला माणूस त्यांच्या लेखी वेगळाच प्राणी असतो. म्हणून जाळीबाहेर पाण्याचा पाइप आणि लांब बांबू घेतलेला सोबती हवाच.

हंटर मारायला नसतो. तो लांबवलेला हात आहे; आवाज डावीकडे काढला की जनावर उजवीकडे वळतं. धाकावर खेळ करणारे होऊन गेले, विशेषतः १९व्या शतकात. पण हाम्बुर्गच्या कार्ल हागेनबेक या जनावरांच्या व्यापाऱ्याने मांसाच्या तुकड्याची आणि धीराची पद्धत रूढ केल्यावर जाणत्यांनी तीच उचलली.

आपल्याकडे विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली सर्कस उभी केली, ते मुळात चाबूकस्वार, घोडे शिकवणारे. आणि पुण्याच्या दामू धोत्र्यांनी तर १९४० नंतर अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत बिबटे, काळे बिबटे, जॅग्वार, प्यूमा एकाच जाळीत खेळवले. हे किती अवघड आहे ते लोकांना कळत नाही. बिबट्या सिंहासारखा सावकाश तापत नाही, क्षणात येतो, आणि गजांवरून वर चढतो, म्हणून त्याच्या रिंगला वरूनही जाळी बांधावी लागते. आज मराठी मुलांना हे नाव माहीत नसतं, याची मला लाज वाटते.

आणि हो, 'बछड्यापासून प्रेमाने वाढवला की वाघ घरचा होतो' म्हणणारे मला अफूवाल्यांपेक्षा घातक वाटतात. बाटलीने दूध पाजून वाढवलेल्या वाघाला माणसाचं अंतरच ठाऊक नसतं. तो मागे सरत नाही, खेळायला म्हणून अंगावर येतो, आणि त्याचं खेळणं आपल्याला परवडत नाही. मुरलेल्या रिंगमास्टरांपैकी अनेकजण जंगलातून पकडलेलं जनावर जास्त पसंत करायचे ते यामुळे. गाडीत चित्ता बसवून फिरणाऱ्यांचे व्हिडिओ बघाल तेव्हा हे आठवा.

आता याचा अर्थ सर्कशीत जनावरांचे हाल झाले नाहीत असा काढू नका. मारझोड करणारे, उपाशी ठेवणारे होतेच, आणि कुणी कधी औषध दिलंच नसेल अशी हमीही मी देणार नाही. पण खरे हाल रिंगमध्ये नव्हते. दिवसाला तीन खेळ, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं, वर सकाळचा सराव, म्हणजे सगळं मिळून तासभर. उरलेले तेवीस तास दोन-तीन पावलांत संपणाऱ्या पिंजऱ्याच्या गाडीत, उन्हात, ट्रकच्या धक्क्यांत. हंटर बघून हळहळणाऱ्यांनी तंबूमागे जाऊन त्या गाड्या कधी पाहिल्या नाहीत. १९९८ साली केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदीची अधिसूचना काढली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या गाड्यांपुरती ती मला पूर्णपणे मान्य आहे. रिंगमास्टरला खाटीक ठरवून ती मिरवली गेली, ते मान्य नाही.

जुन्या चित्रफिती बघून स्वतः ठरवायचं असेल तर हंटरकडे बघू नका, जनावराच्या कानांकडे आणि पोटाकडे बघा. पोट जमिनीला घासत, कान चिकटवून स्टुलाकडे जाणारं जनावर मार खाल्लेलं असतं. शिकवलेलं जनावर कान उभे ठेवून, आपल्या नेहमीच्या चालीने जातं, आणि वर बसल्यावर आधी काठीच्या टोकाकडे बघतं.