मूड गेलाय? आधी बूट काढा

सकाळपासून सगळंच बिनसत गेलेल्या दिवशी मूड परत कसा आणायचा, असं तुम्ही विचारलंय आणि खाली एक ओळ जोडलीय, ‘पॉझिटिव्ह विचार करा, हे सोडून काहीही सांगा.’ त्या ओळीसाठीच लिहायला बसलो.

गेल्या वर्षी आठ-दहा जणांच्या मीटिंगमध्ये माझ्या रिपोर्टमधला एक आकडा चुकलेला निघाला. चूक माझीच होती. साहेब ओरडलेही नाहीत. ‘असू दे, पुढचं बघू,’ एवढंच म्हणाले, आणि तेच जास्त लागलं. घरी येऊन बूट न काढताच पलंगाच्या कडेला टेकलो आणि मोबाईल हातात घेतला. मान वर केली तेव्हा खोलीत अंधार झाला होता आणि बूट पायातच होते. मधल्या पावणेदोन तासांत स्क्रीनवर काय पाहिलं ते आज विचाराल तर सांगता येणार नाही. डोक्यात मात्र ती मीटिंग चाळीस वेळा तरी भरली असेल. दर वेळी मी साहेबांना काहीतरी नवं उत्तर देत होतो आणि दर वेळी तोंडावर आपटत होतो.

गुरं निवांत बसून चघळत राहतात त्याला आपण रवंथ म्हणतो. तेच ते मनात उगाळत बसायच्या सवयीला मानसशास्त्रात ‘रुमिनेशन’ म्हणतात, त्याचाही मूळ अर्थ रवंथच. फक्त गुरांच्या अंगी काहीतरी लागतं, आपल्या नाही.

यावर सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंचं एक काम मला कायम आठवतं. १९८९ साली त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. मन खट्टू झालं की तुम्ही काय करता, असे प्रश्न त्यात होते. पुढे १४ दिवसांनी, १७ ऑक्टोबरला, त्या भागात लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. असा योग कुणी ठरवून आणू शकत नाही. बाईंनी त्याच मुलांना भूकंपानंतर १० दिवसांनी आणि मग ७ आठवड्यांनी पुन्हा गाठलं. उदास वाटलं की तेच ते उगाळत बसायची सवय ज्यांना आधीपासून होती, ती मुलं सात आठवड्यांनंतरही जास्त खचलेली निघाली. भूकंपाआधी कोण किती उदास होतं, हे हिशेबात धरूनसुद्धा.

म्हणून वाईट दिवशी ‘आता मूड कसा सुधारू?’ हा प्रश्नच मी स्वतःला विचारत नाही. तोही रवंथच असतो, जरा सभ्य कपड्यातला. मी हातांना काम देतो.

त्या संध्याकाळी आधी बूट काढले. खुर्चीवर एक निळा शर्ट कित्येक दिवस पडून होता, त्याचं तिसरं बटण तुटलेलं. डब्यात निळा दोरा सापडेना, काळा होता. ओवायला गेलो तर दोऱ्याचं टोक फुटलेलं. ओठात धरून ओलं केलं, पिळलं, पुन्हा चुकलं. मग दिव्याखाली जाऊन एक डोळा मिटून बघितलं, तेव्हा कुठे गेला. सुईत दोरा ओवताना साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर धरून ठेवता येत नाही, करून बघा. चार भोकांचं बटण, आलटून पालटून टाके, मागे गाठ, दातांनी दोरा तोडला. दहा-बारा मिनिटं गेली असतील. त्यानंतर मी आनंदात होतो असं नाही. पण आपल्याला कडकडून भूक लागलीय, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

काम निवडताना मी एवढंच बघतो की त्यात हात आणि डोळे दोन्ही गुंततील आणि त्याचा शेवट आत्ताच नजरेच्या टप्प्यात असेल. एकदा अशाच एका दिवशी अख्खं कपाट आवरायला काढलं होतं. रात्री कपड्यांच्या ढिगाशेजारी, आपण कपाटही धड आवरू शकत नाही या नव्या दुःखासह झोपलो. तेव्हा एक खण पुरे. तेही नको असेल तर वीस मिनिटं चालून या, फोन घरी ठेवून.

हे काही माझं डोकं नाही. आधी मूड येईल, मग काम करू, असं आपण धरून चालतो. पीटर लेविनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात नैराश्याच्या उपचारात हा क्रम उलटा केला. माणसाला आधी छोट्या-छोट्या कृतींकडे वळवायचं, मन मागून येतं. ही पद्धत आजही वापरतात.

हात मोकळे झाले की एक गोष्ट करा. जे वाटतंय त्याला नेमकं नाव द्या. ‘मूड ऑफ’ हे नाव नव्हे, ते झाकण आहे. खाली राग असेल, हिरमोड असेल, अपमान असेल, नुसता शिणवटाही असेल. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूचे स्कॅन घेऊन दाखवलं, की समोरच्या चित्रातल्या भावनेला शब्दात नाव दिलं तर भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या, मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते. मी तासभर साहेबांवर चिडलोय असं समजत होतो. बटण लावून झाल्यावर कळलं की तो राग नव्हताच, लाज होती. रागाचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. लाजेचं सोपं होतं, आकडा दुरुस्त करायचा.

मित्राशी बोला, पण एकदाच. तीच कथा तिसऱ्याला सांगायला लागलात की तो रवंथच, फक्त मोठ्या आवाजात. आणि त्या रात्री कुठलाही निर्णय घेऊ नका. मन खराब असताना आठवणीही खराबच वर येतात, त्यामुळे ‘माझं नेहमी असंच होतं’ याला पुरावे भराभर सापडतात. मी त्या रात्री राजीनाम्याच्या तीन ओळी टाइप केल्या होत्या. झोपलो म्हणून वाचलो.

हे सगळं एखाद्या वाईट दिवसाबद्दल आहे. जवळजवळ रोज, दिवसभर असंच वाटतंय, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्यात आणि याला दोन आठवडे होऊन गेलेत, तर बटणं लावत बसू नका, डॉक्टरांना गाठा. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, आत्ता कुणाला तरी फोन करा.

दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून गेलो. सुधारलेला आकडा दोन ओळींत साहेबांना पाठवला. ‘ओके’ असं उत्तर आलं. निळ्या शर्टावरचा काळा दोरा कुणाच्याही लक्षात आला नाही.