आईच्या टाचेवरचा काळा डाग मेलेनोमा असेल का? तुकडा काढला की पसरतो का?

तुम्ही लिहिलंय की आईच्या टाचेवर आठ महिन्यांपासून काळा डाग आहे, तो वाढतोय, गावातले डॉक्टर कुरूप म्हणतात आणि शेजारी सांगतात की सुरी लावू नका, पसरेल. मी डॉक्टर नाही, पण आमच्या बाबांचं नेमकं हेच झालं, आणि त्यांचा डाग मेलेनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर निघाला.

आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. बाबा जन्मभर अनवाणी. टाचेवर काळं दिसलं तसा त्यांनी बिब्बा तापवून चटका दिला. मग एका दवाखान्यात दोन महिने ब्लेडने तासणं आणि वर कॉर्नकॅप, म्हणजे कुरूप मऊ करणारी औषधी पट्टी. कुरूप तासत गेलं की खाली पांढरट, काचेसारखा गर लागतो. इथे कितीही तासलं तरी काळंच, आणि वर पाणी सुटायचं. त्या डॉक्टरला हे दिसत होतं! त्याचा राग अजून गेलेला नाही. तेव्हा आधी हात जोडून सांगतो, आईच्या टाचेला बिब्बा नको, ब्लेड नको, पट्टी नको.

ऊन लागल्याशिवाय कसा होईल, असं तुम्ही विचारलंय. मेलेनोमा आपल्या लोकांत मुळात कमी, पण होतो तेव्हा बरेचदा तळपाय, तळहात नाहीतर नखाखाली, आणि तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. आमच्या हणजुण्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकांवर ज्याची चित्रं लटकतात त्या गायक बॉब मार्लेला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच निघाला, १९७७ साली. आधी फुटबॉलची दुखापत वाटली होती. १९८१ मध्ये तो गेला, वय ३६.

काळं दिसलं म्हणजे मेलेनोमाच असंही नाही. गोठलेलं रक्त असतं, साधा तीळ असतो, चामखीळही असते. त्वचारोगतज्ज्ञाकडे डर्मोस्कोप नावाचं भिंग असतं. तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात ना, उंचवटे आणि चऱ्या? साध्या तिळाचा रंग बहुधा चऱ्यांत बसतो, मेलेनोमाचा उंचवट्यांवर. बाबांची टाच मलाही त्या भिंगातून दाखवली होती. उंचवट्यांवर जाड काळे पट्टे, एका कडेला निळसर छटा.

तरी पक्कं निदान बायोप्सीनेच होतं. डाग लहान असेल तर थोडी कड धरून अख्खा काढतात, मोठा असेल तर सर्वांत जाड, काळ्या जागेतून तुकडा घेतात. त्याने कॅन्सर पसरत नाही. उलट वरवर खरवडलं तर खोली मोजता येत नाही, आणि पुढचं सगळं त्या खोलीवरच ठरतं. रिपोर्टात 'ब्रेस्लो' शब्द शोधा, तीच ही खोली, पुढे मिलिमीटरमध्ये आकडा असेल. १ पर्यंत असेल तर भोवतालची साधारण १ सेंटिमीटर चांगली कातडी काढतात, २ च्या वर असेल तर २ सेंटिमीटर. वर व्रण, म्हणजे कातडी फुटून झालेली उघडी जखम, आहे की नाही हेही बघा.

बाबांचा आकडा २.३, आणि व्रण होता. टाचेचा तो भाग काढला, तळव्याच्या खोलगट भागातली कातडी फिरवून तिथे बसवली आणि तिची जागा मांडीच्या कातडीने भरली. त्याच वेळी टाचेत निळा रंग टोचून जांघेतली पहिली लिम्फची गाठ (टाचेकडचा द्रव आधी जिथे पोचतो ती) शोधून काढली, कारण हा पसरतो तो बहुधा आधी तिथे. दुसऱ्या दिवशी बाबांची लघवी हिरवी-निळी. आमची आई घाबरून नर्सकडे धावली, तर ती म्हणाली, "मावशी, रंगच तो, जाईल." गाठीत कॅन्सरचं काही निघालं नाही.

निघालं असतं किंवा पुढे गेलेलं असतं तर इम्युनोथेरपी असते, शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवरचे ब्रेक सोडणारी औषधं. त्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं. महाग आहेत. काहींना कॅन्सरच्या जीनमधला ठराविक बदल तपासून गोळ्या देतात, पण तळपायाच्या मेलेनोमात तो बदल कमी जणांत सापडतो. नुसती केमो यात फारशी चालत नाही, हे आम्हालाही उशिरा कळलं.

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, त्वचारोगाची ओपीडी आहे, याच आठवड्यात जा. डागाचे जुने फोटो मोबाईलवर असतील तर तारखेसकट दाखवा. तुकडा काढलाच तर रिपोर्टाबरोबर पॅराफिनचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड्स मागून ठेवा. मुंबईला दुसरं मत घ्यायला गेलात की पहिल्यांदा तेच मागतात. आम्हाला त्यासाठी परळहून परत गोव्याला यावं लागलं होतं.