गळवात पू झालाय. चिरा टाळून नुसत्या गोळ्यांवर बरं होईल का? आणि चिरा दिल्यावर टाके का घालत नाहीत?

चिरा घ्या, तोही आजच. सर्जन सांगतायत आणि घरचे ‘गोळ्यांचा अजून एक कोर्स करून बघ’ म्हणतायत, असं तुम्ही लिहिलंय. हुबेहूब असंच ऐकून मी ९ दिवस काढले होते.

माझं गळू गुदद्वाराच्या अगदी शेजारी होतं. जागाच अशी, की पहिले ३ दिवस कुणाजवळ बोललोच नाही. चौथ्या दिवशी थोरल्या भावाला सांगितलं. दादा म्हणाला, “तिथे चाकू लावून घेऊ नकोस. अँटिबायोटिकने जिरतं.” ओळखीच्या डॉक्टरांनी वरवर बघितलं, गाठ हाताला लागली नाही, गोळ्या दिल्या. त्या भागातलं गळू खोल असेल तर वरून मऊ लागत नाही, नुसतं दुखतं, हे मला फार उशिरा कळलं. सातव्या दिवशी गोळ्या बदलल्या. रात्रभर एका कुशीवर पडून असायचो आणि नाडीचा एकेक ठोका तिथे जाणवायचा. खोकला आला तरी डोळ्यांत पाणी यायचं. नवव्या रात्री हुडहुडी भरून ताप चढला, तेव्हा बायकोने कुणालाही न विचारता मला सर्जनकडे नेलं.

पू साठला की शरीर त्याच्याभोवती भिंत उभी करतं. आतल्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात आणि गोळीतलं औषध तर रक्तातूनच येणार. ते भिंतीपाशीच अडतं. सुजलेला भाग आम्लधर्मी होतो, म्हणून जागेवर दिलेलं भुलीचं इंजेक्शनही तिथे नीट चढत नाही. मला कमरेतून भूल दिली. सर्जनने चिरा दिला, आत बोट घालून पुवाचे कप्पे मोडले, पोकळी धुतली. तो वास मलाही आला. भूल उतरल्यावर जखमेची आग होती, पण ठणका गेला होता. त्या रात्री सलग ७ तास झोपलो.

टाके घातले तर तोंड बंद होऊन पू पुन्हा आत कोंडतो. जखम तळापासून भरत वर आली पाहिजे.

४ महिन्यांनी त्याच जागी पुन्हा चिकट पाणी झिरपायला लागलं. भगंदर. तेव्हापासून दादा प्रत्येक नातेवाइकाला सांगतो, “चिरा दिला म्हणून झालं.” हे साफ चूक आहे. गुदमार्गाच्या आतल्या बाजूला बारीक ग्रंथी असतात. त्यातली एखादी तुंबून पिकते आणि पू बाहेरच्या कातडीकडे वाट काढतो. ती वाट बुजली नाही की भगंदर. अशा गळवाच्या साधारण तिघांपैकी एकाला तरी तो होतो, आणि गळू आपोआप फुटलं तरी होतो. सर्जनने वाट केली नाही, कोंडलेला पू बाहेर काढला. मी थांबलो त्या ९ दिवसांत संसर्ग आणखी पसरला असता, तर जिवावर बेतलं असतं.

आता हे सगळ्या गळवांना लागू नाही. पू न झालेली छोटी पुळी शेकाने जिरू शकते. स्तनातलं गळू बरेचदा सोनोग्राफीत बघून सुईने रिकामं करतात. चेहऱ्यावरचं स्वतः पिळू नका. ताप, पसरत जाणारी लाली किंवा मधुमेह असेल तर चिऱ्याच्या जोडीला अँटिबायोटिकही लागतं. शुगर कधी तपासली नसेल तर या निमित्ताने तपासाच, पुन्हा पुन्हा गळवं होत असतील तर नक्कीच.

माझ्या जखमेत गॉझची पट्टी भरली होती. दुसऱ्या दिवशी ती ओढून काढताना फार दुखलं. हल्ली बरेच सर्जन ती भरतच नाहीत, आधीच विचारून घ्या. भरणार असतील तर ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी मागून घ्या.